ठिपकेदार पतंगाचं प्रकरण: उत्तर बरोबर, पुरावा कच्चा

बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा आला की इंग्लंडमधला एक पतंग येतोच. शेजारी शेजारी दोन फोटो असतात. एकात दगडफुलाने माखलेलं फिकट खोड, दुसऱ्यात काजळीने काळवंडलेलं, आणि दोन्हींवर एक पांढरा, एक काळा पतंग. पेपरात मुलं लिहून येतात: कारखान्यांच्या धुराने झाडं काळी झाली, त्यामुळे पतंगही काळे झाले. या उत्तरात पक्षी कुठेच नसतो. आणि पक्षी वगळला तर नैसर्गिक निवडही उरत नाही. गंमत अशी की शास्त्रज्ञांमध्येही शंभरेक वर्षं घोळ चालला तो त्या पक्ष्यावरूनच. तो खरोखर रंग पाहून पतंग टिपतो का? टिपत असेल तर ते सिद्ध कसं करायचं?

हे प्रकरण त्या घोळाच्या शेवटच्या फेरीचं आहे. मायकेल मेजरस या केंब्रिजच्या जनुकशास्त्रज्ञाने 2001 पासून 2007 पर्यंत केलेला एक प्रयोग, आणि तो करण्याची वेळ मुळात का आली, याचं.

आधीची हकिगत

पतंगाचं शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलॅरिया, इंग्रजीत पेपर्ड मॉथ. पंख पसरले की जेमतेम दोन इंच. पांढुरक्या पंखांवर भरडलेली मिरी उडवावी तसे काळे ठिपके. रात्री उडायचं आणि दिवसभर झाडावर पंख पसरून निपचित बसायचं, हा त्याचा दिनक्रम. प्रौढ झाल्यावर तो काही खात नाही, जगतो थोडेच दिवस. अळीचा कोश जमिनीत हिवाळा काढतो आणि वर्षाला एकच पिढी होते. ही शेवटची गोष्ट फार सोयीची आहे, कारण पन्नास वर्षं म्हणजे सरळ पन्नास पिढ्या, हिशेबाला सोपं.

या पतंगाचा पूर्ण काळा नमुना मँचेस्टरमध्ये 1848 साली नोंदला गेला. 1895 पर्यंत त्याच शहरात सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. कापड गिरण्या, कोळसा, धुराडी. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडने झाडांवरचं दगडफूल मेलं आणि उघड्या पडलेल्या सालीवर काजळी बसली. जे. डब्ल्यू. टट या कीटक-अभ्यासकाने 1896 मध्ये स्पष्ट मांडलं की काळ्या सालीवर पांढरा पतंग पक्ष्यांना चटकन दिसतो, म्हणून मारला जातो, आणि काळे वाढत जातात. पण हे नुसतं म्हणणं होतं. पक्षी असे पतंग खाताना कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं, आणि कीटकशास्त्रज्ञांतल्या बऱ्याच जणांना ते पटतही नव्हतं.

1924 मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या जनुकशास्त्रज्ञाने झाडाकडे न बघता कागदावर गणित केलं. काळा रंग एका प्रभावी जनुकामुळे (म्हणजे एकच प्रत असली तरी परिणाम दाखवणाऱ्या) येतो असं धरलं, तर पन्नासेक पिढ्यांत एवढी उलथापालथ व्हायला काळ्या पतंगांची संतती पांढऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट वाढायला हवी, असं उत्तर आलं. त्या काळी नैसर्गिक निवड म्हणजे हजारो वर्षांत कुठे टक्का-अर्ध्या टक्क्याने सरकणारी गोष्ट समजली जायची. दीडपट हा आकडा बहुतेकांना अतिशयोक्ती वाटला. (हेच हाल्डेन 1957 मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव जीवनाच्या उगमापाशी येतं, या पतंगापाशी क्वचितच.)

पक्ष्यांऐवजी दुसरा पर्याय हेस्लॉप हॅरिसन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात पुढे केला. कारखान्यांच्या धुरातले धातूंचे क्षार पानांवर बसतात, ती पानं खाऊन अळ्यांमध्ये काळा रंग निर्माण होतो, असं त्याचं म्हणणं. विद्यार्थ्यांच्या पेपरातलं उत्तर साधारण हेच आहे, फक्त रसायनं घातलेलं. त्याला सरसकट हसण्यात अर्थ नाही. परिस्थिती पाहून रंग बदलणारे कीटक असतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर संध्याकाळी दिव्याभोवती येणारं इव्हनिंग ब्राऊन फुलपाखरू घ्या. पावसाळी पिढीच्या पंखांखाली ठळक डोळे असतात. कोरड्या हंगामातली पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी असते आणि डोळे जवळपास गायब. जनुकं तीच, वाढताना मिळालेलं हवामान वेगळं. इतकंच कशाला, ठिपकेदार पतंगाची स्वतःची अळीसुद्धा ज्या काडीवर बसते तिच्या रंगाकडे हळूहळू वळते. प्रौढ पतंगाच्या काळेपणाचं मात्र तसं नाही. काळा आणि पांढरा यांचा संकर केला की पिल्लं मेंडेलच्या नियमाने वाटली जातात, त्यांना धुरातली पानं खायला घाला नाहीतर स्वच्छ. हॅरिसनचे निकाल पुढे कुणालाही मिळाले नाहीत.

केटलवेलचे आकडे

डॉक्टरी सोडून फुलपाखरांच्या मागे लागलेला बर्नार्ड केटलवेल 1950 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये होता. 1953 मध्ये त्याने बर्मिंगहॅमजवळच्या काळवंडलेल्या रानात पंखांखाली रंगाची खूण केलेले नर पतंग सोडले, आणि रात्री दिवे व माद्यांचा गंध वापरून परत पकडले. सोडलेल्या 447 काळ्यांपैकी 123 परत सापडले, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. 137 पांढऱ्यांपैकी फक्त 18, तेरा टक्के. 1955 मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ, दगडफुलाने भरलेल्या रानात तेच केलं आणि पारडं उलटलं. 496 पांढऱ्यांपैकी 62 मिळाले, 473 काळ्यांपैकी 30. पक्षीवर्तनाचा अभ्यासक निको टिनबर्गन (पुढे 1973 मध्ये नोबेल मिळालेला) आडोशाला कॅमेरा घेऊन बसला होता. पक्षी खोडावरचे पतंग उचलताना चित्रपटावर आले. डॉर्सेटमध्ये पक्ष्यांनी खाताना दिसलेल्या 190 पतंगांपैकी 164 काळे होते.

रानं दोन आणि निकाल एकमेकांच्या उलट. प्रयोगाची खरी ताकद इथे आहे. काळे पतंग उपजतच जास्त दणकट असतील, किंवा सापळ्यात जास्त येत असतील, तर डॉर्सेटमध्येही तेच जिंकायला हवे होते. केटलवेलवर टीका करणारे या उलट्या निकालाला बगल देतात, असं माझं मत आहे.

तरीही टीका पोकळ नव्हती. त्याने पतंग दिवसाउजेडी हाताने खोडांवर ठेवले. थंड, सुस्त पतंग जिथे ठेवला तिथेच बसला, त्याने जागा निवडलीच नाही. एकेका झाडावर नेहमी असतात त्याहून कितीतरी जास्त पतंग झाले, म्हणजे पक्ष्यांसाठी पंगतच मांडली गेली. काही पतंग प्रयोगशाळेत वाढवलेले, काही रानातून पकडलेले. शिवाय ते पांढरे नक्की मेले, की नुसते दूर उडून गेले? परत न सापडणं म्हणजे मरण नव्हे. आणि ते प्रसिद्ध फोटो बहुतेक मेलेले पतंग खोडावर बसवून काढलेले. फोटो म्हणून त्यात काही गैर नाही, दोन रंग शेजारी दाखवायचे तर दुसरं काय करणार. पण पुस्तकांनी ते कुठे सांगितलं नाही, आणि वाचणाऱ्याला वाटत राहिलं की पतंग उघड्या खोडावर असेच बसलेले दिसतात.

या त्रुटी सर्वांत नेमकेपणाने मांडल्या त्या मेजरसनेच, 1998 च्या एका पुस्तकात. त्याचा निष्कर्ष होता की तपशील सुधारायला हवेत, मूळ स्पष्टीकरण टिकतं. पण त्या पुस्तकाचं जेरी कॉइन या उत्क्रांतीशास्त्रज्ञाने केलेलं परीक्षण ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलं आणि त्याचा सूर असा लागला की हे उदाहरण आता उत्क्रांतीचा दाखला म्हणून बाजूला ठेवावं. उत्क्रांतीच्या विरोधकांना आयतंच सापडलं. 2002 मध्ये एका पत्रकाराच्या पुस्तकाने तर केटलवेलने आकडे फिरवले असा संशयच घेतला. 1953 च्या जुलैच्या सुरुवातीला त्याची पुनर्पकड एकाएकी वाढली, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्याच सुमारास त्याने सोडलेल्या पतंगांची संख्याही वाढवली होती, हे नंतर तपासणाऱ्यांनी दाखवलं, आणि आरोपात दम राहिला नाही. पण बातमी तोवर जगभर गेली होती.

बागेतला प्रयोग

मेजरसपुढे दोन रस्ते होते. लेख लिहून वाद घालत बसणं, किंवा प्रयोग पुन्हा आणि नीट करणं. त्याने दुसरा धरला. या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं त्याच्या मांडणीत आहे, म्हणून तिथे थोडं रेंगाळतो.

पहिला प्रश्न: पतंग दिवसा बसतो कुठे? वर्षानुवर्षं झाडांवर चढउतर करताना त्याने नैसर्गिक स्थितीत बसलेले पतंग नोंदवून ठेवले होते. निम्म्याहून थोडे जास्त, 52 टक्के, आडव्या फांद्यांवर होते, त्यातही बहुतेक फांदीच्या खालच्या अंगाला. 35 टक्के खोडावर, आणि उरलेले 13 टक्के बारीक डहाळ्यांवर. ‘हे पतंग खोडावर बसतच नाहीत’ असं एक वाक्य टीकाकारांत फिरत होतं, ते इथे निकालात निघालं. एक तृतीयांशाहून जास्त बसतात.

मग केंब्रिजमधल्या आपल्या बागेतल्या आणि लगतच्या झाडांच्या फांद्यांभोवती त्याने जाळीच्या पिशव्या बसवल्या. संध्याकाळी पिशवीत एक पतंग सोडायचा. रात्रभर तो आत फिरून पहाटे आपल्या मर्जीने जागा धरतो. सूर्योदयाच्या आधी जाळी काढून घ्यायची, पतंग कुठे बसला ते टिपायचं आणि निघून जायचं. चार तासांनी परत येऊन बघायचं की आहे की गेला. सकाळी एकदा बसलेला हा पतंग दिवसा स्वतःहून सहसा हलत नाही, तेव्हा गेला म्हणजे बहुतेक कुणाच्या तरी चोचीत गेला. केटलवेलचा ‘उडून गेला असेल’ हा घोटाळा इथे फार कमी उरतो.

झाडांवर पतंगांची गर्दी होऊ दिली नाही. काळ्या-पांढऱ्यांचं प्रमाणही त्या परिसरात त्या वर्षी प्रत्यक्ष असेल तितपतच ठेवलं, म्हणजे बहुतांश पांढरे आणि थोडे काळे. हे शेवटचं कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. एखादा रंग अचानक भरपूर दिसू लागला तर पक्षी त्या रंगावर नजर बसवतात, आणि निकाल रंग किती लपतो याऐवजी रंग किती आहे यावर जातो. नर आणि मादी दोन्ही वापरले. केटलवेलने फक्त नर वापरले होते.

सहा वर्षांत एकूण 4,864 पतंग सोडले गेले. एकट्या माणसाने, रोज पहाटे, पतंगांच्या हंगामात. शिवाय दुर्बीण घेऊन तो पाहतही बसे, आणि गायब झालेल्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पतंग पक्ष्यांनी उचलताना त्याने स्वतः पाहिले. नऊ जातींचे पक्षी त्यात होते: रॉबिन, ब्लॅकबर्ड, ग्रेट टिट, ब्लू टिट, मॅगपाय वगैरे. बागेत येणारे रोजचेच पक्षी, पतंगांचे खास शिकारी असे कुणी नाहीत.

वटवाघळांचंही त्याने तपासून घेतलं. हे पतंग उडतात रात्री, मग त्यांना खरा धोका वटवाघळांचाच, असा एक आक्षेप होता. धोका आहेच. पण वटवाघूळ प्रतिध्वनीने शिकार करतं, त्याला काळं-पांढरं सारखंच. त्याच्या चाचणीतही दोन रंगांत फरक दिसला नाही. वटवाघळाने दोन्हींचे कितीही खाल्ले तरी प्रमाण हलत नाही, आणि प्रश्न प्रमाणाचा आहे.

निकाल असा: स्वच्छ हवेच्या केंब्रिजमध्ये काळ्या पतंगाची एक दिवस जगून राहण्याची शक्यता पांढऱ्याच्या तुलनेत सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती. एका दिवसात नऊ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण पतंगाला जोडीदार शोधायला आणि मादीला अंडी घालायला काही दिवस लागतात, आणि हा फरक रोज वसूल होतो.

आता दुसरी बाजू. 1952 च्या लंडनमधल्या जीवघेण्या धुक्यानंतर ब्रिटनने 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला आणि काळे पतंग ओसरू लागले. लिव्हरपूलजवळ सिरिल क्लार्क (हाही डॉक्टर!) 1959 पासून दरवर्षी सापळा लावत होता. त्याच्याकडे सुरुवातीला नव्वद टक्क्यांहून जास्त काळे होते, 1990 च्या दशकाच्या मध्याला वीस टक्क्यांच्या खाली आले. अमेरिकेत मिशिगनमध्येही याच जातीत अशीच घसरण झाली. मेजरसच्या स्वतःच्या परिसरात 2001 ला सुमारे 12 टक्के काळे होते ते 2007 पर्यंत सुमारे 1 टक्क्यावर आले. बागेत पक्ष्यांनी दाखवलेला फरक एवढी घसरण घडवायला पुरेसा आहे का, हा खरा ताळा. पुरेसा ठरला. नुसतं ‘पक्षी काळे जास्त खातात’ एवढ्यावर मी हे प्रकरण मिटलं असं म्हटलं नसतं. खाण्याचा वेग आणि घटण्याचा वेग जुळला, म्हणून म्हणतो.

मेजरसने हे आकडे 2007 च्या ऑगस्टमध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या परिषदेत मांडले. शोधनिबंध मात्र त्याच्या हातून झाला नाही, 2009 च्या जानेवारीत तो वारला. कुक, ग्रँट, साचेरी आणि मॅलेट या चौघांनी त्याच्या नोंदींचं पुन्हा विश्लेषण करून 2012 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. चौघेही या विषयातले जुने जाणकार.

नजर कुणाची?

एक कच्चा दुवा तरीही होता. पतंग ‘लपला’ हे आजवर माणसाच्या डोळ्याने ठरवलेलं. पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो, त्यामुळे आपल्याला जुळलेला वाटणारा रंग त्यांना भडक दिसू शकतो. 2018 मध्ये एक्सेटरच्या वॉल्टन आणि स्टीव्हन्स यांनी संग्रहालयातले जुने नमुने घेऊन पक्ष्याच्या नजरेचं गणित लावलं. दगडफूल असलेल्या सालीवर पांढरा पतंग पक्ष्यालाही खरोखर कमीच दिसतो, असं निघालं. स्वच्छ रानात कृत्रिम पतंग टांगून पाहिल्यावर पांढऱ्यांचा बचाव 21 टक्के जास्त ठरला.

जनुकाचा भाग थोडक्यात सांगतो. 2016 मध्ये लिव्हरपूलच्या गटाने काळेपणाचं मूळ शोधलं: डीएनएचा सुमारे 22 हजार अक्षरांचा एक उडता (म्हणजे जागा बदलू शकणारा) तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकात जाऊन बसला होता. ही घटना 1819 च्या आसपास घडली असावी असा त्यांचा अंदाज. 2024 मध्ये फुलपाखरांवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की त्या भागात रंगाचं काम कॉर्टेक्स करत नाही, शेजारचा एक सूक्ष्म आरएनए करतो. बटण कोणतं याबद्दल मत बदललं. तुकडा कुठे बसला आणि तो एकदाच बसला, हे कायम आहे. धुराने तो तुकडा बसवला नाही. तो आधीच, योगायोगाने बसला होता, आणि मग धुराने काळवंडलेल्या झाडांवर पक्ष्यांनी त्याला वाढू दिलं.

काळा जनुक प्रभावी आहे, याचा एक परिणाम बारावीच्या हार्डी-वाईनबर्गच्या गणितातून काढता येतो. शिकवताना तो सहसा सुटतो. 1895 च्या मँचेस्टरमध्ये पांढरे पतंग 2 टक्के. पांढरा व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती पांढऱ्या लागतात, म्हणून वर्गमूळ काढायचं: 0.02 चं वर्गमूळ 0.14, म्हणजे पांढऱ्या जनुकाचं प्रमाण तेव्हाही 14 टक्के होतं. दर चारांतला जवळपास एक पतंग बाहेरून काळा आणि आत एक पांढरा जनुक बाळगणारा. पक्ष्याला तो जनुक दिसत नव्हता. हवा स्वच्छ झाल्यावर पांढरे परत आले त्याचं एक कारण हा दडलेला साठा, दुसरं म्हणजे आसपासच्या भागांतून येणारे पतंग. उलट दिशेला अशी सोय नाही. आजच्या केंब्रिजमध्ये 1 टक्का पतंग काळे असतील, तर काळ्या जनुकाचं प्रमाण साधारण अर्धा टक्का. एक प्रत असली तरी पतंग काळाच होतो, त्यामुळे त्या अर्ध्या टक्क्यातली प्रत्येक प्रत रोज सकाळी फिकट फांदीवर उघड्यावर बसलेली असते.